संगणकाचा धूर कुणाच्या अंगणात?

गिरणीला धुराडे होते, साखर कारखान्याला आहे, वीटभट्टीला आहे. संगणकाला धुराडे नाही. त्यामुळे माहिती तंत्रज्ञान हा स्वच्छ उद्योग आहे, असा समज सर्वत्र पसरला आहे. शिकून शहरात स्थिरावलेला आपला नवा मध्यमवर्गही याला अपवाद नाही. काचेची इमारत, थंड हवा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले-मुली. येथे धूर कोठून येणार? परंतु संगणक विजेवर चालतो आणि आपल्या देशात २०२३-२४ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळसा जाळून तयार झाली. म्हणजे संगणकाचा धूर आहेच. तो फक्त दुसरीकडे निघतो. तो कोठे निघतो आणि कुणाच्या छातीत जातो, हा प्रश्न विचारल्याखेरीज तापमानवाढ आणि माहिती तंत्रज्ञान या विषयावरची कोणतीही चर्चा पूर्ण होऊ शकत नाही, असे आम्हांस वाटते.

हा विषय आपला नाही, असे चळवळीतील काही मित्रांना वाटण्याची शक्यता आहे. अत्याचाराची प्रकरणे पडून आहेत, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, रिक्त जागा भरल्या जात नाहीत. अशा वेळी कार्बन उत्सर्जनाची चिंता कोणी करावी? पण उन्हाळा वाढला की उन्हात काम करणारा मरतो, वातानुकूलित कचेरीत बसणारा मरत नाही. पाऊस लांबला की सर्वांत आधी मजुरी बुडते ती भूमिहीनाची. पूर आला की पाणी प्रथम शिरते ते गावकुसाबाहेरच्या आणि नाल्याकाठच्या वस्तीत. ज्यांनी हवा सर्वांत कमी बिघडवली, त्यांनाच तिचा फटका सर्वांत जास्त बसतो. म्हणून हा प्रश्न सामाजिक न्यायाचा आहे आणि त्यावर बोलण्याचा पहिला हक्क आपला आहे.

माहिती तंत्रज्ञान उद्योगाने या बाबतीत काय सांगितले होते, ते आधी पाहू. २००७ साली गार्टनर या संस्थेने अंदाज वर्तविला की, जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा सुमारे २ टक्के आहे. म्हणजे जवळजवळ विमान वाहतुकीइतका. त्यानंतर २००८ मध्ये या उद्योगाच्याच जागतिक व्यासपीठाने 'स्मार्ट २०२०' नावाचा अहवाल आणला. त्यातील मांडणी अशी होती की, आमचा वाटा थोडा असला तरी आमच्या साधनांच्या मदतीने इतर उद्योग आपले उत्सर्जन कमी करू शकतात आणि २०२० पर्यंत जगाचे उत्सर्जन त्यामुळे १५ टक्क्यांनी खाली येऊ शकते. आमच्या स्वतःच्या धुराच्या पाचपट धूर आम्ही वाचवू, असा तो दावा होता.

२०२० साल आले आणि गेले. त्या वर्षी उत्सर्जन खाली आले खरे. पण ते महामारीमुळे आले. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचे रोजचे कार्बन उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी घटले होते. संगणकावर काम करणारे घरी बसून काम करू शकले. सफाई कामगार, नाका कामगार आणि वीटभट्टीवरचा मजूर यांना घरून काम करण्याची सोय नव्हती. त्यांच्यातील कोणी गटारात उतरले, तर कोणी शेकडो मैल पायी गावाकडे निघाले. टाळेबंदी उठली आणि उत्सर्जन पुन्हा वर गेले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये ऊर्जेच्या वापरातून झालेले जगाचे कार्बन उत्सर्जन ३७.८ अब्ज टन झाले. हा तोवरचा उच्चांक होता.

मग 'स्मार्ट २०२०' चा दावा खोटा होता काय? आमचे उत्तर असे की, त्यातील तंत्राचा भाग खरा होता, व्यवस्थेचा भाग मात्र त्यातून वगळलेला होता. यंत्र काय वाचवू शकते हे त्यात सांगितले होते. वाचलेले कोणाच्या पदरात पडेल आणि त्याचे पुढे काय होईल, याचा विचार त्यात नव्हता.

प्रथम खरा भाग पाहू. हा उद्योग तीन मार्गांनी उत्सर्जन कमी करू शकतो. पहिला मार्ग स्वतःच्या घरात सुधारणा करण्याचा. आपण मोबाईलवर पाहतो तो व्हिडिओ, बँकेचा व्यवहार, सरकारी दाखला, हे सारे 'क्लाउड'मध्ये असते असे म्हणतात. हा क्लाउड आकाशात नाही. तो ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल येथील बंदिस्त इमारतींत आहे. तेथे हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालतात आणि तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी पुन्हा वीज लागते. सर्व्हरला लागणाऱ्या प्रत्येक युनिटमागे संपूर्ण इमारतीला किती युनिटे लागतात, यावरून अशा केंद्राची कार्यक्षमता मोजतात. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत ही जागतिक सरासरी सुमारे १.५६ होती. गूगलने स्वतःच्या केंद्रांची सरासरी सुमारे १.१ असल्याचे जाहीर केले आहे.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण हिशेब करून पाहावा. समजा एखाद्या डेटा सेंटरमधील सर्व्हरना सतत १०० मेगावॅट वीज लागते. कार्यक्षमतेचा आकडा १.६ असेल तर इमारतीला १६० मेगावॅट लागतील, तो १.२ वर आणला तर १२० पुरतील. ४० मेगावॅट वाचले म्हणजे वर्षाला सुमारे ३५ कोटी युनिटे वाचली. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने वर्षाला जवळपास २.४५ लाख टन उत्सर्जन टळते. आणि महिन्याला १०० युनिटे वापरणारे साधे घर धरले, तर वाचलेल्या या विजेवर २ लाख ९० हजार घरे वर्षभर चालू शकतात. हे एका डेटा सेंटरमधील केवळ वातानुकूलन सुधारण्याचे फळ आहे.

हे अशक्य नाही, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. इन्फोसिसने हैदराबादजवळच्या पोचारम येथील आपल्या एका इमारतीचे दोन सारखे भाग करून २०११ पासून एक प्रयोग चालविला. एका भागात नेहमीचे वातानुकूलन ठेवले. दुसऱ्या भागात छताच्या काँक्रिटमध्ये नळ्या बसवून त्यांतून थंड पाणी खेळविले. पहिल्या दोन वर्षांच्या नोंदींत दुसऱ्या भागाची वातानुकूलनाची वीज सुमारे ३४ टक्क्यांनी कमी लागली. गूगलने २०१६ मध्ये आपल्या केंद्रातील शीतकरणाचे नियंत्रण संगणकाच्या स्वयंशिक्षण पद्धतीकडे दिले, तेव्हा त्या कामाची वीज ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचे त्या कंपनीने सांगितले.

दुसरा मार्ग इतरांच्या घरात मदत करण्याचा. अमेरिकेतील यूपीएस ही टपाल-पार्सल वाहून नेणारी कंपनी. कोणत्या गाडीने कोणत्या क्रमाने घरे घ्यावीत, हे ठरविणारी संगणक प्रणाली तिने बसविली आणि वर्षाला सुमारे १० कोटी मैलांचा प्रवास वाचतो, असे जाहीर केले. वीजवहनातही असेच आहे. आपल्या देशात वीज वितरणातील तांत्रिक व व्यावसायिक हानी २०२३-२४ मध्ये सुमारे १६ टक्के होती. यातील चोरी आणि थकबाकी बाजूला ठेवली, तरी उरलेली हानी म्हणजे तारांत आणि रोहित्रांत वाया गेलेला कोळसा. कोणत्या रोहित्रावर किती भार आहे, गळती कोठे आहे, हे मोजणे संगणकाला सहज शक्य आहे. सौरऊर्जेचेही तसेच. ऊन दुपारी असते आणि विजेची मागणी संध्याकाळी वाढते. जी कामे कोणत्याही वेळी करून चालतात ती दुपारी करावीत, एवढे जरी डेटा सेंटरने पाळले तरी संध्याकाळचा कोळसा वाचतो. गूगलने २०२० पासून अशी वेळ बदलण्याची पद्धत सुरू केली आहे.

तिसरा मार्ग सर्वांत साधा आणि उद्योगाला सर्वांत न आवडणारा. यंत्र जास्त वर्षे वापरणे. एका स्मार्टफोनच्या संपूर्ण आयुष्यातील उत्सर्जनापैकी सुमारे चार पंचमांश उत्सर्जन तो आपल्या हाती येण्याआधीच, कारखान्यात झालेले असते. म्हणजे फोन दोन वर्षांऐवजी चार वर्षे वापरला, तर तो चार्ज करताना काटकसर करण्यापेक्षा कितीतरी जास्त बचत होते. पण उद्योग काय करतो? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबविला. यामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनॅलिस या संस्थेने २०२३ मध्येच दिला होता. संगणक चालू आहे, पडदा शाबूत आहे, कळफलक ठीक आहे; पण कंपनीच्या एका निर्णयाने तो म्हातारा ठरतो. आपल्या वस्तीतल्या वाचनालयात देणगीतून आलेले जुने संगणक आठवा, म्हणजे या निर्णयाचा अर्थ कळेल.

आता वगळलेल्या भागाकडे येऊ. १८६५ साली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने एक गोष्ट दाखवून दिली. वाफेची यंत्रे सुधारली, कमी कोळशात जास्त काम होऊ लागले, तेव्हा इंग्लंडचा कोळशाचा खप कमी होण्याऐवजी वाढला. कारण काम स्वस्त झाले म्हणून यंत्रे वाढली. माहिती तंत्रज्ञानात आज तेच घडत आहे. प्रत्येक गणनेमागची वीज घटली, पण गणना शेकडो पटींनी वाढल्या. गूगलच्या स्वतःच्या अहवालानुसार तिचे उत्सर्जन २०१९ ते २०२३ या काळात ४८ टक्क्यांनी वाढले. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या तुलनेत २०२३ मध्ये २९ टक्के वाढ कबूल केली. या त्याच कंपन्या आहेत, ज्यांची कार्यक्षमता जगात नावाजली जाते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की, जगातील डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर हा आकडा २०३० पर्यंत सुमारे ९४५ अब्जांवर जाईल. त्याच अहवालात असेही म्हटले आहे की, कृत्रिम बुद्धिमत्तेची आज उपलब्ध असलेली साधने सर्वत्र वापरली गेली, तर २०३५ मध्ये ऊर्जेशी निगडित उत्सर्जनाच्या सुमारे ५ टक्के इतकी कपात होऊ शकते. परंतु ती आपोआप होईल अशी स्थिती नाही, असा इशाराही त्याला जोडलेला आहे. आयर्लंडसारख्या छोट्या देशाचा अनुभव पाहा. तेथे २०२३ मध्ये डेटा सेंटरनी देशाच्या मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज वापरली. शहरांतील सर्व घरांनी मिळून वापरलेली वीज १८ टक्के होती. म्हणजे नागरी घरांपेक्षा सर्व्हरचा वाटा मोठा झाला.

आयर्लंड दूर आहे, मुंबई जवळ आहे. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार येथे आहेत. त्यामुळे देशातील डेटा सेंटरची जवळपास निम्मी क्षमता मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात उभी राहिली आहे. आता याच शहराच्या पूर्व किनाऱ्यावर या. तेथे माहुल आहे, तेथे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, रसायनांच्या टाक्या आहेत आणि जवळच ट्रॉम्बे येथे टाटा पॉवरचे वीज केंद्र आहे. त्यातील कोळशावरचे संच बंद करण्याचा विचार होता. पण मुंबईची वाढती मागणी पुढे करण्यात आली आणि २०२३ च्या अखेरीस ते आणखी किमान पाच वर्षे चालू ठेवण्याचे ठरले. ही मागणी केवळ डेटा सेंटरची नाही. तीत मेट्रो आहे, टोलेजंग इमारती आहेत, वातानुकूलन यंत्रे आहेत. पण वाढत्या मागणीतील मोठा आणि सर्वांत वेगाने वाढणारा वाटेकरी कोण, हे लपून राहिलेले नाही.

माहुलमध्ये राहते कोण? पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोळी बांधव आहेत. त्यांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटले होते की, येथील हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक आहे. हे ठाऊक असूनही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून त्यांतील कष्टकरी कुटुंबांना याच माहुलमध्ये आणून टाकले. दमा, त्वचारोग, क्षय यांनी माणसे हैराण झाली. ऑक्टोबर २०१८ पासून या लोकांनी विद्याविहारला रस्त्यावर बसून आंदोलन केले. अखेर एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की, ज्यांना माहुलमध्ये राहायचे नाही त्यांना सरकारने दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्यावी. न्यायालयाला जी हवा माणसांवर लादण्याजोगी वाटली नाही, तिच्याच शेजारचे कोळशाचे धुराडे आणखी पाच वर्षे चालावे असे व्यवस्थेला वाटते. क्लाउड नवी मुंबईत, ग्राहक साऱ्या देशात आणि धूर माहुलमध्ये! श्रमाची विभागणी जातीने केली, तशी धुराची विभागणीही येथे झाली आहे.

यावर कोणी म्हणेल, मग संगणकच नको, वीजच नको, खेड्याकडे चला. आमचे तसे म्हणणे मुळीच नाही. हा मार्ग बाबासाहेबांचा नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणविषयक समितीसमोर बोलताना त्यांनी प्रश्नाची उलट बाजू धरली. वीज कशी निर्माण करावी याआधी ती कशासाठी हवी हे विचारा, असा त्यांचा रोख होता. त्यांचे उत्तर स्पष्ट होते. स्वस्त आणि भरपूर वीज हवी, कारण तिच्याखेरीज औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाखेरीज या देशातील माणसाची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही. दामोदर खोरे योजना आणि केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ यांची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीतील आहे. बाबासाहेबांच्या दृष्टीने वीज हे मुक्तीचे साधन होते.

ती कसोटी आज माहिती तंत्रज्ञानाला लावली पाहिजे. ही वीज कशासाठी? आश्रमशाळेतील मुलीला घरबसल्या शिकता यावे म्हणून असेल, जातीचा दाखला काढण्यासाठी तहसीलच्या दहा खेपा वाचाव्यात म्हणून असेल, रोहित्रावरची गळती शोधावी म्हणून असेल, तर ती आम्हाला हवी आहे आणि भरपूर हवी आहे. भारतात माणशी कार्बन उत्सर्जन सुमारे २ टन आहे, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. या २ टनांच्या सरासरीतही पारधी पालावरच्या कुटुंबाचा वाटा किती, हे सांगायला नको. ज्यांनी अजून वीज पोटभर वापरलेलीच नाही, त्यांना काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण जाहिराती लोकांच्या डोळ्यांसमोर नाचविण्यासाठी आणि करमणुकीची चित्रे क्षणात बनविण्यासाठी माहुलच्या मुलाने खोकत राहावे, हे आम्हाला मान्य नाही.

साधन एकच, पण ते कोणाच्या हाती आहे यावर सारे ठरते. याचे ताजे उदाहरण स्मार्ट मीटरचे आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वितरण सुधारणा योजना आणली आणि देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याचे लक्ष्य ठेवले. वीज कोठे, कधी, किती वापरली जाते हे अशा मीटरमधून कळते. गळती शोधायला आणि सौरऊर्जेशी वापर जुळवायला ते उपयोगी आहे, यात शंका नाही. पण आधी पैसे भरा, मग दिवा लावा, या अटीसह ते आले, तेव्हा रोजंदारीवर जगणाऱ्या घरात त्याचा अर्थ पैसे संपताच अंधार असा होता. महाराष्ट्रात लोक रस्त्यावर आले आणि जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना सामान्य ग्राहकांकडे असे प्रीपेड मीटर बसविणार नाही, असे जाहीर करावे लागले. पुढे हेच तंत्र टीओडी मीटर या नावाने, बिल नंतर भरण्याच्या पद्धतीने आले आणि २०२५ पासून दिवसा वापरलेल्या विजेला सवलत देण्यात आली. सवलत चांगली आहे. पण जे जोडपे सकाळी सातला कामाला जाते आणि रात्री परतते, त्यांच्या घराला दिवसा कुलूप असते. त्यांना ही सवलत कशी मिळणार? तंत्रज्ञान हुशार आहे. पण कोणाचे घर डोळ्यांसमोर ठेवून ते आखले, हे त्याच्या नियमांतून दिसून येते.

तीच गोष्ट ई-कचऱ्याची. जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के अधिकृतपणे गोळा होऊन पुनर्वापरात गेला, असे संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांचा अहवाल सांगतो. आपल्याकडे उरलेला कचरा कोण फोडतो? दिल्लीचे सीलमपूर, मुंबईतील कुर्ला, साकीनाका, धारावी येथील छोट्या गाळ्यांत मुस्लिम आणि दलित मजूर तो फोडतात. तांब्यासाठी तारा जाळतात, सर्किटवरचे धातू काढण्यासाठी आम्लात हात घालतात. खाणीतून नवे तांबे काढण्यापेक्षा जुने परत मिळविण्यात ऊर्जा फार कमी लागते. म्हणजे हा मजूर रोज कार्बन वाचवतो आहे. पण त्याचे श्रेय त्याला नाही, मोबदला नाही, हातमोजेही नाहीत. याउलट कंपनी आपल्या अहवालात हिरव्या रंगाचे पान छापते आणि पुरस्कार घेते.

२०२२ च्या ई-कचरा नियमांत या कामगारांची ओळख आणि नोंदणी करणे, त्यांना कौशल्य प्रशिक्षण देणे आणि त्यांच्या आरोग्य-सुरक्षेवर लक्ष ठेवणे ही राज्य सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. ती कागदावरून जमिनीवर आणण्यासाठी कोणी आंदोलन केले आहे काय? पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित केले. त्यात बहुसंख्य आपल्याच भगिनी होत्या. त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्र मिळविले आणि २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा उचलण्याचे काम करारावर घेतले. कचरावेचक बाईला जर महापालिकेशी करार करता येतो, तर ई-कचरा फोडणाऱ्यांची सहकारी संस्था का उभी राहू नये?

आता चळवळीने काय मागावे, याविषयी आमची मते स्पष्टपणे मांडतो.

पहिली गोष्ट, हिशेब उघडा करा. युरोपीय संघाने ५०० किलोवॅटहून मोठ्या डेटा सेंटरना वीज, पाणी आणि कार्यक्षमता यांची माहिती दरवर्षी देणे बंधनकारक केले आहे. महाराष्ट्र सरकार डेटा सेंटरना सवलती देते. सवलत जनतेच्या पैशातून जाते, तर किती वीज घेतली, ती कोळशाची की सौर, पाणी कोणत्या धरणाचे, जनरेटर किती तास चालले, हे जनतेला कळलेच पाहिजे. जगाचा हिशेब ठेवणारा हा उद्योग आहे. त्याला स्वतःचा हिशेब ठेवणे जड जाऊ नये. केंद्राने २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या कार्बन क्रेडिट योजनेत सुरुवातीला सिमेंट, ॲल्युमिनियम, कापड, पोलाद अशी क्षेत्रे घेतली. डेटा सेंटर त्या यादीत नव्हते. ते आले पाहिजे.

दुसरी गोष्ट, सर्व्हरसाठी कोळसा नको. ज्याला नवे डेटा सेंटर उभारायचे आहे त्याने आपली सौर किंवा पवन वीज आणि साठवणूक सोबत आणावी. वर्षाच्या शेवटी कागदोपत्री प्रमाणपत्रे विकत घेऊन आम्ही हरित झालो असे सांगण्याची सोय बंद करावी. सिंगापूरने २०१९ ते २०२२ या काळात नवी डेटा सेंटर थांबवून ठेवली आणि नंतर कडक अटींवर परवानगी दिली. एवढेसे शहर-राष्ट्र अटी घालू शकते, तर बारा कोटींचे महाराष्ट्र राज्य का घालू शकत नाही?

तिसरी गोष्ट, ट्रॉम्बेचे कोळशाचे संच कधी बंद होणार याची तारीख जाहीर करावी आणि ती पुन्हा पुढे ढकलली जाऊ नये. ज्या कंपन्यांच्या मागणीमुळे मुदत वाढते, त्यांच्याकडून माहुलच्या आरोग्यासाठी आणि पुनर्वसनासाठी वर्गणी नव्हे, कायदेशीर कर घ्यावा.

चौथी गोष्ट, या नव्या कामात आपला वाटा. ऊर्जा लेखापरीक्षक, सौर तंत्रज्ञ, मीटरची आकडेवारी वाचणारा, जुने संगणक दुरुस्त करणारा अशी कामे वाढणार आहेत. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्या परीक्षा घेते. आपली किती अभियंता मुले तिला बसतात? स्पर्धा परीक्षेच्या वर्गांइतकेच महत्त्व या परीक्षेच्या वर्गाला आपल्या विहारांत आणि वसतिगृहांत मिळाले पाहिजे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. म्हणून सवलत घेणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरवर स्थानिक अनुसूचित जाती-जमातींच्या तरुणांना ठरावीक नोकऱ्या देण्याची अट घालण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे.

माहिती तंत्रज्ञान उद्योगात आज आपलीही मुले आहेत. पुणे, हिंजवडी, बंगळुरू, अमेरिका येथे ती चांगल्या पगारावर आहेत आणि चळवळीला मदतही करतात. त्यांना आमची एक विनंती आहे. तुम्ही आतले आहात. तुमच्या कचेरीचे वातानुकूलन, सर्व्हर, भंगारात जाणारे संगणक यांचे आकडे तुम्हाला दिसतात. जयंतीच्या वर्गणीबरोबर ते आकडे वाचण्याची कला वस्तीतील मुलांना शिकवा. टाकून दिलेले संगणक दुरुस्त करून अभ्यासिकेत आणा. त्यातून कार्बनही वाचेल आणि पिढीही घडेल.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावर लिहिताना चलनाच्या किमतीतील बदलाचा भार समाजातील कोणत्या वर्गावर पडतो, हे त्यांनी पाहिले. कार्बनच्या प्रश्नातही तेच पाहायचे आहे. माहिती तंत्रज्ञान उत्सर्जन कमी करू शकते. त्याची रीत माहीत आहे, साधने तयार आहेत. ती कपात खरोखर झाली की नाही, हे कंपनीच्या अहवालावरून ठरणार नाही. ज्या दिवशी ट्रॉम्बेचे कोळशाचे धुराडे थांबेल आणि माहुलच्या खिडक्या उघड्या ठेवता येतील, त्या दिवशी आम्ही ती झाली असे मानू.